वामनरावांचं घर

(जाफराबाद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत त्यांना तुम्ही सगळे ओळखत होता. मी त्यांना पाहिलेलंही नाही. तेव्हा त्यांच्याविषयी मी काही सांगू लागलो, तर पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या लेकीसुनांना हसू आवरणार नाही. निमंत्रण द्यायला आलेल्या मंडळींनी मला त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या. घरावर जीव टाकणारा माणूस होता, आणि गाण्याचं वेड होतं. बाकी विषय तुमचा तुम्ही ठरवा, म्हणाले. तेव्हा मी असं ठरवलं, की या दोन्ही गोष्टी ज्यांच्या ठायी एकत्र नांदल्या अशा एका गृहस्थाविषयी बोलावं. त्यांचं नाव वामनराव देशपांडे. जन्म १९०७, मृत्यू १९९०. मूळचे भोरचे, आयुष्य गेलं मुंबईत, व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. ‘घरंदाज गायकी’ हे त्यांचं पुस्तक १९६१ साली आलं, आणि गाण्यातली घराणी या विषयावर मराठीत त्यानंतर जो कोणी बोलला तो त्या पुस्तकाशी एकमताने तरी बोलला, नाहीतर भांडत तरी.

श्रद्धांजलीच्या बातमीत ‘कुटुंबवत्सल आणि संगीतप्रेमी’ असं आपण सहज छापून टाकतो. जणू काही ही दोन्ही माणसं एकाच पंगतीला सुखाने जेवत असतात. आपल्या गाण्याचा इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. तो घर सोडून गेलेल्यांनीच भरलेला आहे. भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना, १९३३ साली, गदगहून पळाले. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी कानावर पडली, आणि आपल्यालाही असं गायला यायला पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं. रामकृष्णबुवा वझ्यांनी पोरवयात कोकण सोडलं आणि विद्येसाठी ग्वाल्हेरपर्यंत वणवण केली. पंडित भातखंडे मुंबईत वकिली करत होते. आधी पत्नी गेली, मागोमाग मुलगी गेली. घर रिकामं झालं आणि मग हा माणूस हिंदुस्थानभर बंदिशी गोळा करत फिरला. आज शाळेत कोणीही यमन शिकतो तो त्यांच्या क्रमिक पुस्तकांच्या पुण्याईवर. त्या पुस्तकांमागे एक मोडलेलं घर आहे.

भीमसेनांच्या गोष्टीत आपण पळालेल्या मुलाकडेच बघतो. त्याच्या वडिलांकडेही जरा बघा. गुरुराज जोशी शाळामास्तर होते. मुलाचा ठावठिकाणा लावत ते जालंधरपर्यंत गेले, त्याला घरी आणलं, आणि मग त्याच मुलाला कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी गाणं शिकायला ठेवलं. पळून गेल्याची शिक्षा म्हणून गाणं बंद केलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. उलट, ठीक केलं म्हणाले असते.

हे सगळं आपल्या मुलखाला नवीन नाही. इथून फार लांब नाही, याच जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब आहे. तिथल्या नारायण ठोसराची कथा तुम्हाला मी काय सांगावी? मंगलाष्टकं चालू होती, भटजी ‘सावधान’ म्हणाले, आणि नवरदेव मांडवातून पसार झाला. पुढे त्याचा समर्थ रामदास झाला. आणि गंमत पाहा, बोहल्यावरून पळालेल्या याच माणसाने पुढे दासबोधात लोकांना बजावून सांगितलं, की आधी संसार नीटनेटका करा, मग परमार्थाच्या गोष्टी बोला. दुसरीकडे पैठण. तिथे एकनाथ. तो संसार सोडून कुठेही पळाला नाही. वाडा, गिरिजाबाई, पाहुणेरावळे, दारी आलेला कोणीही, आणि रोजचं कीर्तन. भारुडं जन्माला आली ती याच राबत्यात. मराठवाड्याच्या माणसाला रामदासाचं कौतुक आहे, पण तो जगतो एकनाथासारखा. पळायला सगळ्यांनाच कुठे जमतं?

एकनाथांच्या घरातली आणखी एक गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगतो. त्यांचा मुलगा हरिपंडित शास्त्री झाला. बापाने मराठीत पुराण सांगावं, कोणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. परंपरा असं सांगते, की तो रागावून काशीला निघून गेला आणि एकनाथ त्याला परत आणायला गेले. मुलाने अटी घातल्या: मराठी पुराण बंद, परान्न बंद. बापाने त्या मान्य केल्या. पुढे काय झालं ते कीर्तनकार तुम्हाला रंगवून सांगतात. मला त्यातली एवढीच गोष्ट हवी आहे, की बापाने स्वतःची वाट मुलावर लादली नाही.

आता वामनराव.

मुंबईत हिशेबतपासणीचा धंदा. मार्चअखेर म्हणजे काय असतं ते इथल्या अडत दुकानदारांना विचारा. अशा धंद्यात राहून हा माणूस गाणं शिकला. नुसतं ऐकलं नाही, रीतसर तालीम घेतली. सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकले, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मुलाकडे, खुद्द किराणा घराण्यात. आणि नंतर मोगूबाई कुर्डीकरांकडे, म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर घराण्यात.

मोगूबाईंचं नाव घेतलं की थोडं थांबायला पाहिजे. गोव्यातल्या कुर्डी गावच्या. ते गाव आता साळावलीच्या धरणाखाली आहे. पाणी आटलं की मे महिन्यात वर येतं, आणि जुने गावकरी तिथे जाऊन देवळापाशी नमस्कार करून येतात. मोगूबाई लहानपणी नाटकमंडळीत होत्या. पुढे अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली, ती टिकवण्यासाठी काय काय सोसलं त्याची कहाणी मोठी आहे. नवरा अकाली गेला, तीन मुलं पदरात. शिकवण्या करून त्यांनी घर चालवलं आणि त्याच घरात किशोरी आमोणकर घडल्या. कुटुंबवत्सल म्हणून बातमीत छापायला यांच्याइतकं योग्य माणूस मला दुसरं दिसत नाही. पण बायकांच्या बाबतीत ते विशेषण छापायची आपल्याला गरजच वाटत नाही, गृहीतच धरलेलं असतं. त्या काळातला एक पांढरपेशा, सुटाबुटातला हिशेबनीस अशा बाईंच्या पुढ्यात शिष्य म्हणून बसतो, तंबोरा मांडीवर घेतो, चुकलं की बोलणी खातो, यात मला वामनरावांचा मोठेपणा दिसतो. आपल्या समाजाने गाणाऱ्या बाईचं गाणं घेतलं, पण तिला गुरू म्हणायला फार वेळ लावला.

किराणा आणि जयपूर, दोन्हीकडची विद्या घेतल्यामुळे वामनरावांच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. राग तोच, ताल तोच, मग ही दोन गाणी इतकी वेगळी का? सामान्य श्रोता म्हणतो, बाबा, ज्याचं त्याचं घराणं. वामनरावांनी ते उत्तर चालू दिलं नाही. घराणं म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी खोदून काढलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गाण्यात स्वर आणि लय अशी दोन अंगं. दोन्ही लागतातच, पण कोणाचा कल कुठे, यावर घराण्याचा तोंडवळा ठरतो. अगदी स्वराच्या टोकाला किराणा. तिथे एकेका स्वरावर गायक असा रेंगाळतो, की समेची आठवण तबलजीनेच ठेवायची. दुसऱ्या टोकाला आग्रा. फैयाज खाँसाहेबांचं गाणं ऐका; बोल लयीवर आपटतात, मात्रा मात्रा डोळ्यांसमोर उभी राहते, आणि सम आली की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. बाकीची घराणी या दोहोंच्या मध्ये कुठे ना कुठे. आणि तोल सगळ्यात चांगला साधला तो जयपूरने, असं त्यांचं मत. दुसरा मुद्दा त्याहून रोकडा. घराणं निघतं ते मूळ पुरुषाच्या आवाजातून. त्याचा गळा जसा, तशी त्याची गायकी. तो ज्या गोष्टी सहज करू शकतो त्यांचे पुढे कायदे होतात आणि जे त्याला जमत नाही ते निषिद्ध ठरतं. शिष्य ते उचलतात, त्यांचे शिष्य ते पक्कं करतात. दोनतीन पिढ्या गेल्या की ती शिस्त होते.

हा विचार त्या काळात धाडसाचा होता. घराण्याभोवती जे गूढ वलय होतं, ते या माणसाने उतरवलं आणि म्हणाला, मुळात एक गळा आहे, त्याच्या मर्यादा आहेत. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं, ते देशाबाहेरच्या अभ्यासकांनीही वाचलं.

सी.ए. माणूस, म्हणून त्याने गाण्याचाही ताळेबंद मांडला, असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरतो, कारण ताळेबंद जुळावा लागतो. वामनरावांचा जुळत नाही. स्वर वाढला की लय घटते, हे त्यांचं गृहीत मला तरी पटत नाही. फैयाज खाँसाहेबांचा नुसता नोमतोम ऐका, स्वराचं काय कमी आहे त्यात? आणि तोल जयपूरलाच सापडला, हे जयपूरच्या शिष्याने सांगावं यात आश्चर्य ते काय. त्यांच्या हयातीतच लोकांनी हा पक्षपाताचा आक्षेप घेतला होता. मला तो आक्षेप बरोबर वाटतो आणि तरीही पुस्तक महत्त्वाचं वाटतं. पक्ष न घेता गाण्यावर लिहिणारी माणसं मी वाचली आहेत. ती वाचताना डोळा लागतो.

पण आज मला पुस्तकापेक्षा त्यांच्या घराविषयी सांगायचं आहे. त्या घरात थोरामोठ्या गवयांची ये-जा होती, आणि त्यातले सगळ्यात जवळचे कुमार गंधर्व. मुंबईला आले की ते वामनरावांकडे उतरत.

कुमारांची कथा तुम्हाला ठाऊक आहे, पण घराच्या बाजूने ती पुन्हा बघू. १९३६ साली बारा वर्षांचा हा मुलगा मुंबईत जिना हॉलमध्ये गायला आणि सगळी मैफल थक्क झाली. देवधर मास्तरांच्या गाण्याच्या वर्गात तो वाढला. १९४७ला लग्न झालं, भानुमती कंस यांच्याशी; त्याही त्याच वर्गातल्या, चांगल्या गाणाऱ्या. आणि लगेच क्षय झाला. १९४८च्या जानेवारीत हवापालटासाठी देवासला गेले. गाऊ नका, बोलूसुद्धा कमी, असं डॉक्टरांनी सांगितलं. चारपाच वर्षं खाटेवर. त्या काळात भानुमतीबाईंनी देवासला शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, शुश्रूषा केली. स्वतःचं गाणं त्यांनी बाजूला ठेवलं. कुमार उठले, परत गायला लागले, आणि १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई गेल्या. देवासच्या त्या घराचं नाव भानुकुल आहे. कुमारांनी माळव्याची लोकगीतं कशी टिपली, त्यातून नवे राग कसे काढले, याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. ती गीतं खाटेवर पडून ऐकायची सवड ज्या पगारावर मिळाली, त्या पगाराविषयी मात्र एखाददुसरी ओळ.

बैठकीचा इतिहास लिहिणारे आतल्या खोलीत जात नाहीत. कलावंत आठ दिवस घरी उतरतो म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी उतरला त्यांच्या बायकांना विचारावं. एकाला तिखट चालत नाही, एकाला दही वर्ज्य, एकाला मैफल संपल्यावर रात्री दोन वाजता गरम भात लागतो. सोबत तबलजी, पेटीवाला, एखादा शिष्य, आणि गवई आलेत म्हटल्यावर न बोलावता आलेले पंधराजण. त्यांचा सगळ्यांचा चहा. मुलांच्या परीक्षा त्यातच. यजमान बाहेर वाहवा करत असतात. गाण्याचं वेड एकाला असतं आणि त्याचा खर्च सगळं घर सोसतं. इथे बसलेल्यांपैकी काहींनी तो सोसला आहे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसतंय. हसू नका, मी नावं घेत नाही.

वामनरावांच्या घरी एक आणखी अवघड गोष्ट घडत होती. घराण्यांवर हुकमी ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचा सगळ्यात लाडका पाहुणा घराणं मानत नव्हता. कुमार गंधर्वांचं सगळं गाणं म्हणजे घराण्याच्या चौकटीला दिलेलं आव्हान. मला सगळ्यांचं चांगलं घ्यायचंय आणि त्यात माझंच गायचंय, अशी त्यांची रीत. वामनरावांच्या सिद्धांताप्रमाणे पाहिलं, तर दोनतीन पिढ्यांच्या शिस्तीशिवाय असं गाणं उभंच राहायला नको. ते उभं राहत होतं, आणि यांच्याच दिवाणखान्यात. दुसरा कोणी असता तर त्याने एकतर सिद्धांत गुंडाळून ठेवला असता, किंवा पाहुण्याला दुसरीकडे उतरायला सांगितलं असतं. वामनरावांनी दोन्ही केलं नाही. जयपूरवर निष्ठा ठेवली आणि कुमारांवर भरभरून लिहिलं. इंग्रजीत त्यांचं जे पुस्तक निघालं त्याचं नाव ‘बिट्वीन टू तानपुराज’, म्हणजे दोन तंबोऱ्यांच्या मध्ये.

त्या दोन तंबोऱ्यांविषयी थोडं सांगतो, कारण सभेत नव्या पिढीची मुलं दिसताहेत, आणि त्यांना तंबोरा म्हणजे फोनमधलं एक बटण वाटायचा संभव आहे. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचा. मिरजेचे सतारमेकर तो वाळवून, कापून, त्याला दांडी जोडतात. तारा चार: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. तारा ज्यावरून जातात ती घोडी वरून सपाट दिसते, पण कानसीने तिला बारीक उतार दिलेला असतो. तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा एक दोरा सरकवायचा. केसभर पुढे गेला तर आवाज बोथट, केसभर मागे आला तर तार नुसती खणखणते. मधे एक जागा अशी सापडते, की चारही तारा एकाच वेळी उघडतात आणि न छेडलेला गंधारसुद्धा ऐकू यायला लागतो. याला जवारी म्हणतात. कुमार गंधर्व या कामात फार काटेकोर होते. तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. गायक समोर बसून खुंटी पिळतो आहे, दोरा सरकवतो आहे, पुन्हा पिळतो आहे, आणि घरातलं पोर कोपऱ्यात बसून ते बघतंय. क्लासात महिने घालवून जे कळत नाही ते त्या पोराला तिथे बसल्याबसल्या कळतं.

असं एक पोर त्या घरात होतं. सत्यशील देशपांडे, वामनरावांचा मुलगा, जन्म १९५१चा. ‘घरंदाज गायकी’ आली तेव्हा दहा वर्षांचा. बाप जयपूरचा पाईक, घरात मोगूबाईंची विद्या. मुलगा शिकायला गेला कुठे? देवासला, कुमार गंधर्वांकडे, भानुकुलात राहायला.

इथे मला हरिपंडिताची आठवण होते. तिथे बाप मोकळा होता आणि मुलगा शिस्तीचा. इथे बाप शिस्तीचा आणि मुलाने मोकळी वाट धरली. दोन्हीकडे बापाने आडकाठी केली नाही. आपल्याकडे कुटुंबवत्सल माणूस म्हणजे मुलांना काही कमी पडू न देणारा, अशी समजूत आहे. फी भरली, डबा दिला, लग्नं लावली. ते सगळं करावंच लागतं आणि ते सोपं नाही. पण ज्या गोष्टीवर आपण आयुष्य घातलं, जिच्यावर पुस्तक लिहिलं, नेमकी तिच्याच विरुद्ध बाजूला मुलाला जाऊ द्यायचं, आणि तेही आपल्याच घरी उतरणाऱ्या, आपल्याच ताटाला ताट लावून जेवणाऱ्या मित्राच्या हाती त्याला सोपवून, याला निराळंच काळीज लागतं. शेती करणाऱ्याच्या पोराने शेती सोडली तरी बापाला इतकं लागत नाही. पोराने बापाचीच शेती उलट्या पद्धतीने करायला घेतली, की मग घरात भांडी वाजतात.

मोगूबाईंच्या घरातही त्याच सुमाराला हेच चाललं होतं. किशोरीताईंनी आईची कडक तालीम घेतली आणि पुढे जयपूरच्या चौकटीबाहेर पाऊल टाकलं. आलापी वाढवली, दुसऱ्या घराण्यांचं जे रुचलं ते घेतलं. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. म्हणजे वामनरावांनी घराण्यांचा नकाशा काढला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, गुरूच्या घरी आणि स्वतःच्या घरी, पुढच्या पिढीने त्या नकाशाच्या सीमा पुसायला घेतल्या. त्यांचं पुस्तक यामुळे खोटं ठरलं का? मला वाटतं, नाही. सीमा कुठे आहेत ते कोणीतरी आधी नीट दाखवावं लागतं. नाहीतर ओलांडली काय, हेच कळत नाही.

आणि सत्यशीलांनी पुढे काय केलं? संवाद फाउंडेशन काढलं आणि ठिकठिकाणच्या, वेगवेगळ्या घराण्यांच्या गायकांना बोलावून त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं. घराणं न मानणाऱ्या गुरूच्या शिष्याने घराण्यांचे आवाज जपले. त्यांचं ‘गान गुणगान’ हे पुस्तक मराठीत आहे. इथल्या वाचनालयाने ते घ्यावं, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.

असंच एक दुसरं घर इंदूरला होतं, रामूभैया दात्यांचं. मोठे रसिक, पु. ल. आणि कुमार यांचे स्नेही. गवयांना इंदूर जवळचं वाटायचं त्यात या घराचा वाटा मोठा. त्यांचा मुलगा कापडगिरण्यांचं शिक्षण घ्यायला मुंबईला गेला, पुढे त्याच धंद्यात नोकरी केली, आणि ती करता करता भावगीतं गायला. तो अरुण दाते. वामनराव आणि रामूभैया, दोघेही मैफली गाजवणारे गवई नव्हते, दोघांचीही मुलं गायक झाली. हा योगायोग नसावा.

आता तुम्ही म्हणाल, हे मुंबई-इंदूरचं झालं. केळणा-पूर्णेच्या काठी आमच्याकडे कोण गवई उतरणार? रास्त आहे. जालन्याहून राजूरच्या गणपतीला हात जोडून टेंभुर्णीवरून येताना मीही तोच विचार करत होतो. हा तालुका १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, १९८१पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात. रेल्वे आजही नाही. पण गाणं नव्हतं असं कोण म्हणेल? सप्ताह होते, हरिपाठ होता, पखवाज होता, प्रत्येक भजनी मंडळात एक पेटी होती. त्या पेटीची गंमत अशी, की १९४०पासून १९७१पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. तिचे स्वर आपल्या गाण्याला जुळत नाहीत म्हणून. देवळात विठ्ठलाला चालत होती, सरकारी रेडिओला चालत नव्हती.

पण त्याच रेडिओने इथल्या माणसाला गाणं दिलं, हेही खरं. १९५२पासून शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायला लागला. पुढे १९६८ला परभणी केंद्र आलं. शेतातून आलेला, दुकान बंद करून आलेला, शाळेचे पेपर तपासत बसलेला माणूस खरखरीतून मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत होता. तिकीट नाही, प्रवास नाही. फक्त घरातल्यांनी तासभर गलका करायचा नाही, एवढीच अट. ती अट पाळणारी घरं या गावात होती. बायकोला झोप आलेली, पोरांना गोष्ट हवी, आणि हा माणूस रेडिओला कान लावून. वामनरावांच्या घरात जे पाहुण्यामुळे व्हायचं, ते इथे एका लाकडी खोक्यामुळे झालं.

आज ते खोकंही गेलं. आज गाणं प्रत्येकाच्या कानात, आपापल्या बोंड्यात. ज्याला हवं तो ऐकतो, घरात कुणाला त्रास नाही. मला ही सोय आवडते, प्रवासात मीही तेच करतो. पण वडिलांना काय आवडायचं, हे आता मुलांना कळत नाही. पूर्वी ते नको असताना कळायचं. सत्यशीलांच्या कानावर लहानपणी जे पडलं त्यातलं अर्धं त्यांनी मागितलेलं नव्हतं. वडिलांचं वेड मुलाला सहन करावं लागणं, हाच त्यातला मुख्य भाग होता.

म्हणून मी आयोजकांशी आधीच एक ठरवून घेतलं आहे. व्याख्यान थोडक्यात आवरायचं आणि उरलेला वेळ ऐकायचं. ध्वनिक्षेपकाशेजारी बसलेल्या मित्राकडे तीन ध्वनिमुद्रणं दिली आहेत. पहिलं अब्दुल करीम खाँसाहेबांचं, जुन्या तबकडीवरचं, तीनसाडेतीन मिनिटांचं. खरखर आहे, तिची सवय करून घ्या. दुसरं फैयाज खाँसाहेबांचं. तिसरं मोगूबाईंचं. वामनरावांनी ज्या टोकांविषयी आणि ज्या तोलाविषयी लिहिलं, ते तुम्हाला ऐकू येतंय का, ते बघा. नसेल येत, तर तसं मोकळेपणाने सांगा. भजनी मंडळातल्या पेटीवाल्या बुवांचं मत मला सगळ्यात आधी हवं आहे, कारण ते मघापासून मान हलवताहेत आणि ती मान ‘हो’ म्हणतेय की ‘नाही’, ते मला इथून कळत नाही.

लावा पहिली तबकडी.